आधी बूट, मग सूट : पहिल्यांदा मापाचा सूट शिवणाऱ्यांसाठी

लग्न ठरलं, परदेशात नोकरी लागली किंवा कोर्टात वकिली सुरू झाली की सुटाचा विषय निघतो. मग आधी कापड घेतलं जातं, नंतर शिंपी शोधला जातो आणि समारंभाला दोन दिवस उरले की घाईघाईत बुटांचं दुकान गाठलं जातं. माझा सल्ला याच्या बरोबर उलटा आहे. आधी बूट घ्या, ते चार-सहा दिवस घरात घालून फिरा आणि तेच पायात घालून शिंप्याकडे माप द्यायला जा. पँटची उंची बुटाच्या टाचेवरून ठरते. टाच बदलली की उभं राहण्याची ढबही थोडी बदलते आणि मागून कोट कसा पडतो यावर त्याचा परिणाम होतो. चप्पल घालून दिलेल्या मापाची पँट बुटांवर आखूड होते, नाहीतर घोट्यावर तिचा झोळ जमतो.

हा लेख ज्यांना पहिल्यांदाच मापाचा सूट शिवायचा आहे आणि पहिल्यांदाच खऱ्या कातड्याचे, सोल बदलता येणारे बूट घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी आहे. या दोन्ही कलांची मोठी घराणी इंग्लंड आणि इटलीत आहेत. लंडनची सॅव्हिल रो ही शिंप्यांची गल्ली, नॉर्थॅम्प्टनचे बुटांचे कारखाने, नेपल्सचे शिंपी. तिथले भाव आपल्या आवाक्याबाहेरचे असतात, पण तिथली पद्धत समजून घ्यायला पैसे पडत नाहीत. ती समजली की आपल्या गल्लीतल्या शिंप्याकडून काय मागायचं, दुकानातला बूट कुठे दाबून बघायचा, हे कळायला लागतं.

बूट असो वा सूट, मी एकच प्रश्न विचारतो : ही वस्तू उसवून पुन्हा नीट करता येईल का? उत्तर हो असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नसते. नाही असेल तर लेबल कितीही मोठं असो, ती वस्तू मी घेत नाही.

बूट कसा बांधलाय ते बघा

नॉर्थॅम्प्टन हे इंग्लंडच्या मधल्या भागातलं बूट शिवणाऱ्यांचं शहर. आजूबाजूला गुरं, ओकची झाडं आणि नदीचं पाणी, म्हणजे कातडं कमवायला लागणारं सगळं हाताशी. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात इथले कारागीर सैन्यासाठी हजारोंनी बूट शिवत होते. तिथल्या फुटबॉल क्लबला आजही लोक ‘कॉबलर्स’ म्हणजे चांभार म्हणतात आणि क्लबला त्याचा अभिमान आहे. ट्रिकर्स (1829), चर्चेस (1873), क्रॉकेट अँड जोन्स (1879), एडवर्ड ग्रीन (1890) ही सगळी तिथली नावं. यांपैकी एकाचाही बूट तुम्ही घेतला नाही तरी चालेल. पण तिथे बूट कसा उभा राहतो ते माहीत असू द्या.

पायाच्या आकाराचा एक लाकडी साचा असतो, त्याला लास्ट म्हणतात. पूर्णपणे मापाच्या बुटासाठी हा साचा तुमच्याच पायावरून कोरला जातो आणि पुढच्या ऑर्डरसाठी जपून ठेवला जातो. जाड कातड्याचा आतला तळ, म्हणजे इनसोल, ओला करून या साच्यावर ठोकतात. सुकला की त्याने साच्याचा उंचसखलपणा घेतलेला असतो. मग कारागीर रापीने त्याच्या कडेला खाच पाडतो आणि एक बारीक उभी कड शिल्लक ठेवतो. बुटाचं वरचं कातडं पकडीने ओढून साच्यावर ताणलं जातं. त्याच्या कडेने कातड्याची एक अरुंद पट्टी फिरवतात, ती वेल्ट. आता वाकडी आरी एकाच दमात पट्टी, वरचं कातडं, अस्तर आणि ती उभी कड यांतून आरपार जाते. दोऱ्याला मेण आणि राळ चोळलेली असते. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुईऐवजी रानडुकराचा राठ केस गुंफलेला असतो, कारण आरीने पाडलेल्या वाकड्या भोकातून तो वळत जातो, सरळ सुई अडते. दोन्ही बाजूंनी दोरा एकाच भोकातून ओवायचा आणि मुठीला गुंडाळून ओढायचा. तो करकचून बसला की पुढचं भोक. एका बुटाला असे कितीतरी टाके लागतात. मधली पोकळी बुचाच्या लगद्याने भरतात. तो लगदा हळूहळू तुमच्या तळव्याचा आकार घेतो. खालचा सोल शेवटी फक्त त्या पट्टीला शिवला जातो.

खरी मेख या शेवटच्या शिवणीत आहे. सोल झिजला तर तेवढीच शिवण कापायची, नवा सोल शिवायचा, वरच्या कातड्याला हात लावायचा नाही. असा बूट नीट वापरला तर दहा-वीस वर्षं सहज चालतो.

हेच काम यंत्राने करण्याची पद्धत अमेरिकेत 1870 च्या दशकात रुळली. रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या मुलाच्या नावावरून तिला गुडइयर वेल्ट म्हणतात. यात इनसोलमध्ये कड कोरत नाहीत, कापडाची एक उभी पट्टी चिकटवतात आणि तिला शिवतात. हातशिवणीइतकं ते चिवट नसतं, पण सोल बदलता येतो आणि किंमतही निम्म्याहून कमी असते. पहिल्या जोडासाठी गुडइयर वेल्ट पुरेसा आहे. तमिळनाडूतला आंबूर-राणीपेट पट्टा आणि उत्तरेत आग्रा, कानपूर इथे आपल्याकडे कातड्याचं मोठं काम होतं. असे बूट आता देशातही बनतात.

तिसरी पद्धत ब्लेक. लायमन ब्लेकने 1858 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राची. एकच शिवण सोलपासून थेट इनसोलपर्यंत जाते. बूट हलका, नाजूक दिसणारा आणि लवचिक होतो. इटालियन कारागीर यात वाकबगार आहेत. पण त्याच शिवणीतून पाणी वर चढतं, म्हणून मुंबई-कोकणात पावसाळ्यासाठी हा बूट नको. आणि चौथी, फक्त गोंदाने चिकटवलेला बूट. बाजारात दिसणारे बहुतेक बूट हेच. सोल सुटला की कोपऱ्यावरचा चांभार पुन्हा चिकटवून देतो, पण ते फार दिवस टिकत नाही.

दुकानात ओळखायचं कसं? बूट हातात घ्या, आत हात घालून पुढच्या भागाचा तळ चाचपा. टाक्यांची रांग बोटाला लागली तर ब्लेक. आत काही लागत नाही, पण बाहेर कडेच्या पट्टीवर टाके दिसतात, तर वेल्ट असू शकतो. ‘असू शकतो’ म्हणतोय, कारण नुसती शोभेची टाके मारलेली पट्टी चिकटवून फसवणारे बूटही असतात. मग बूट उलटा करा. तोच टाका खाली सोलवर उतरला आहे का बघा. महागड्या बुटांत खालची शिवण सोलमध्ये चीर पाडून लपवलेली असते, म्हणून ती न दिसली तर दुकानदाराला थेट विचारा, “याचा सोल बदलून मिळतो का? कुठे?” गोंधळलेलं उत्तर आलं तर बूट जागेवर ठेवा.

कातड्याचंही तसंच. नुसत्या ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्याने दर्जा कळत नाही. पुढचा भाग अंगठ्याने हलका दाबून वाकवा. चांगल्या वासराच्या कातड्यावर बारीक, एकमेकींना लागून सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर बऱ्याचशा निघून जातात. घासून वर रंगाचा थर चढवलेल्या कातड्यावर एकच जाड घडी पडते आणि काही महिन्यांत तिथेच थर तडकतो. काचेसारखं चकाकणारं कातडं पाहून भुलू नका, ती चमक बहुधा त्या थराचीच असते.

माप संध्याकाळी घ्या, तोवर पाय थोडा सुजलेला असतो. दोन्ही पायांचं घ्या आणि जो मोठा असेल त्याला धरून चला. ब्रिटिश मापात एका पूर्ण नंबरचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर असतो. म्हणून अर्धा नंबर महत्त्वाचा आहे. सगळे लांबीकडे बघतात. खरं बघायचं ते चवड्याकडे : पायाचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या सर्वांत रुंद भागात बसायला हवा, कारण बूट तिथेच वाकतो. अनवाणी किंवा चपला घालून वाढलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचा चवडा पसरट असतो. मग लोक रुंदी मिळावी म्हणून लांबीचा नंबर वाढवतात, बूट भलत्याच ठिकाणी मोडतो आणि टाच निसटते. इंग्लिश कारखाने एकाच नंबरात ई, एफ, जी अशा वाढत्या रुंदी देतात. आपल्याकडे त्या क्वचित मिळतात, पण विचारायला काय हरकत आहे? नव्या बुटात टाच किंचित उचलली गेली तर चालतं, सोल वाकायला लागला की ते थांबतं. बोटं दाबली गेली तर मात्र “वापरून सैल होतील” हे दुकानदाराचं आश्वासन मानू नका. कातडं रुंदीला थोडं सोडतं, लांबीला नाही.

प्रकारांचा घोळ घालू नका. ज्यात नाडीच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या कातड्याखाली शिवलेल्या असतात तो ऑक्सफर्ड, जास्त औपचारिक. ज्यात त्या वरून मोकळ्या उघडतात तो डर्बी. पायाचा वरचा भाग उंच असेल तर ऑक्सफर्डच्या नाड्यांमध्ये मोठी फट राहते आणि बूट वाईट दिसतो. अशांनी डर्बी घ्यावा. वकील असाल तर काळा, नक्षी नसलेला ऑक्सफर्ड. बाकीच्यांना एकच जोड घ्यायचा असेल तर गडद तपकिरी डर्बी, तो निळ्या आणि करड्या दोन्ही सुटांवर जातो.

कातडं कमवण्याबद्दल आपण कोणापुढे कमी नाही, हेही इथेच सांगतो. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या कोलिटन गावात ओकच्या सालीत वर्षाहून जास्त काळ भिजवून सोलचं कातडं कमवतात आणि जगभरचे बूट कारागीर ते मागवतात. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमवलं जातं, आणि ती चप्पल खिळ्याशिवाय, कातड्याच्याच वादीने शिवली जाते. तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सुटाखाली ती घालायची नाही, पण ती शिवणाऱ्या हातांचं मोल करायला शिकलात तर हजारो मैलांवरचा नॉर्थॅम्प्टनचा कारागीरही तुम्हाला आपोआप कळेल.

आता सूट : आधी आतलं कापड

“सूट आपला नाही, उष्ण देशात हा साहेबी सोस कशाला?” असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी बाबासाहेबांचे फोटो बघायला सांगतो. ज्या समाजाला नीट कपडा अंगावर घालायचीही मुभा नव्हती, त्या समाजातल्या माणसाने सूट घातला तेव्हा तो साहेबी सोस नव्हता. ती ताठ मान होती. गावागावांतल्या पुतळ्यांवर तो निळा सूट उगाच आलेला नाही. राहिला उष्णतेचा प्रश्न, तर तो कापड निवडून सुटतो.

कोटाच्या बाहेरच्या कापडात आणि अस्तरात एक तिसरा थर असतो, छातीला आणि कॉलरला आकार देणारा. सगळा खेळ त्याचा आहे. पारंपरिक कोटात हा कॅनव्हास असतो : लोकर, सूत आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांचं विणलेलं कापड. तो बाहेरच्या कापडाला चिकटवत नाहीत, सैल टाक्यांनी जोडतात. लॅपलचं, म्हणजे कॉलरखाली छातीवर उलटून बसणाऱ्या पट्टीचं काम बघण्यासारखं असतं. शिंपी लॅपल डाव्या हाताच्या तर्जनीवर वळवून धरतो आणि त्या वळलेल्या स्थितीतच तिरपे छोटे टाके घालत जातो. सुई बाहेरच्या कापडाचा जेमतेम एखादा धागा उचलते, उजव्या बाजूला टाका दिसत नाही. शेकडो टाके झाले की लॅपल हातातून सोडला तरी वळलेलाच राहतो, इस्त्रीच्या घडीने नाही, शिवणीतल्या ताणाने. म्हणून चांगल्या कोटाचा लॅपल बटणापाशी चपटा मोडत नाही, गोल वळतो.

स्वस्त कोटात याऐवजी फ्युजिंग असतं, गोंदाचा थर असलेलं कापड उष्णतेने चिकटवलेलं. सुरुवातीला तेही छान दिसतं. पण ड्रायक्लीनिंग आणि घाम यांनी गोंद सुटला की छातीवर फुगे येतात, आणि ते कुणीच दुरुस्त करू शकत नाही. तपासायची रीत अशी : खालच्या बटणाच्या काजाजवळ बाहेरचं कापड एका चिमटीत आणि आतलं कापड दुसऱ्या चिमटीत धरून हलकेच वेगळं करा. मध्ये तिसरा थर मोकळा सरकताना जाणवला तर कॅनव्हास. सगळं एकजीव, पुठ्ठ्यासारखं लागलं तर फ्युजिंग. मधला मार्गही आहे, छाती आणि लॅपलला कॅनव्हास, खाली फ्युजिंग. त्याला हाफ कॅनव्हास म्हणतात. पहिल्या सुटासाठी आपल्या बाजारात तो सर्वांत शहाणपणाचा सौदा आहे.

सॅव्हिल रो या लंडनच्या रस्त्यावर हेनरी पूलने 1846 मध्ये दार उघडलं आणि तो रस्ता शिंप्यांचा झाला. तिथल्या संघटनेच्या नियमानुसार एका सुटाला किमान पन्नास तास हातकाम लागतं. तिथे कटर माप घेतो, कागदी नमुना कापतो आणि ट्रायल बघतो. कोट शिवणारा वेगळा, पँट शिवणारा वेगळा. आपल्याकडे ‘मास्टर’ आणि ‘कारागीर’ हीच वाटणी आहे. म्हणून शिंपी निवडताना दुकानाच्या काचेकडे नाही, मास्टरकडे बघा. माप घेणारा, कापणारा आणि ट्रायलला समोर उभा राहणारा माणूस एकच असेल तर अर्धं काम झालं.

‘मापाचा’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकीत तयार नमुन्यात तुमच्या मापाप्रमाणे फरक करून कोट कारखान्यात शिवतात. दुसरीत तुमच्यासाठी कोरा कागद घेऊन नमुना कापतात आणि कच्च्या शिवणीवर ट्रायल देतात. पहिली पद्धत वाईट नाही. सरळ बांध्याच्या माणसाला ती छान बसते. पण एक खांदा खाली, पाठीला बाक, पोट पुढे असं काही असेल, तर दुसरीच हवी. दुकानात विचारायचा प्रश्न : “कच्च्या शिवणीची ट्रायल किती वेळा देता?” एकदाही नाही असं उत्तर आलं तर तो मापाचा कपडा असेल, तुमच्या अंगाचा नाही. आणखी एक करा, अर्धवट शिवलेला कोट दाखवायला सांगा. ज्याला कामाचा अभिमान आहे तो मास्टर कोट उलटा करून स्वतः आतलं काम दाखवतो.

कापड

लोकर म्हणजे थंडीची, हा समज सोडा. पीळदार धाग्याची, मोकळ्या विणीची लोकर घाम शोषते, हवा खेळवते आणि चुरगळली तरी रात्रभर हँगरवर सरळ होते. हडर्सफील्डच्या गिरण्यांमधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेलं फ्रेस्को हे कापड याच गुणासाठी प्रसिद्ध आहे. कापड उजेडासमोर धरा, जाळी दिसली तर ते श्वास घेणारं. वजन दर मीटरला 240 ते 290 ग्रॅमच्या दरम्यान असू द्या. फार हलकं कापड थंड वाटेल म्हणून घेतात, पण ते अंगावर पडत नाही, चिकटतं आणि गुडघ्याला लगेच फुगतं. पुणे, नाशिकच्या हिवाळ्यासाठी किंवा परदेशात जाणाऱ्यांसाठी फ्लॅनेलचा, म्हणजे मऊ, लवदार लोकरी कापडाचा विचार करा. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या वेलिंग्टन गावातली फॉक्स ब्रदर्स ही गिरणी 1772 पासून लोकरीचं कापड विणते आणि फ्लॅनेलसाठी नावाजलेली आहे.

‘सुपर 120’, ‘सुपर 150’ हे आकडे दर्जाचे नाहीत, लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचे आहेत. सुपर 100 म्हणजे तंतू जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन जाड, सुपर 120 म्हणजे 17.75. आकडा वाढेल तसं कापड मऊ आणि नाजूक होत जातं. रोज लोकलमध्ये चढणाऱ्या माणसाने 100 ते 120 च्या पुढे जाऊ नये. आपल्याकडे रेमंडची गिरणी 1925 मध्ये ठाण्यात सुरू झाली आणि ‘सूट लेंथ’, म्हणजे एका सुटापुरतं कापड, आपल्या लग्नांच्या देण्याघेण्यात जाऊन बसली. घरात अशी भेट आलेली लेंथ पडून असेल तर लोकरीचं प्रमाण बघा. टेरी-वूल, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेली लोकर असेल तर पहिल्या सुटाला नको, त्याची पँट शिवा. खात्री नसेल तर कडेचा एक धागा काढून पेटवा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटाने चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

रंग गडद निळा किंवा मध्यम करडा, साधा. काळा सूट रात्रीच्या समारंभात शोभतो, दिवसा नाही. कापड सव्वातीन मीटरच्या आसपास लागतं, पण मी आणखी सव्वा मीटर घ्यायला सांगेन आणि त्यातून दुसरी पँट शिवून घ्यायला. कोट बाहेर गेलं की खुर्चीवर टांगला जातो, पँट दिवसभर घासली जाते. ती आधी विरते आणि मग धड असलेला कोट कपाटात पडून राहतो.

माप आणि ट्रायल

माप देताना बारीक शर्ट, तेच बूट, तोच पट्टा. खिशात फोन, पाकीट नको. पोट आत ओढू नका, छाती फुगवू नका, आरशात बघून ताठ होऊ नका. मास्टरशी बोलत राहा म्हणजे नेहमीसारखे उभे राहाल. चांगला मास्टर टेपच्या आकड्यांशिवाय वहीत आणखी काहीबाही लिहितो : उजवा खांदा पडका, मान पुढे, पाठ सपाट. तो असं काही लिहीत नसेल तर तुम्ही स्वतः सांगा की बॅग नेहमी या खांद्यावर असते.

पहिल्या ट्रायलला कोट पांढऱ्या धावदोऱ्याने जोडलेला असतो, कॉलर अर्धवट, खिसे नाहीत, बाही कधी एकच. इथे घाई करू नका, हीच खरी वेळ आहे, कारण अजून सगळं उसवता येतं. या क्रमाने बघा.

मान आधी. कोटाची कॉलर शर्टच्या कॉलरला मागून आणि बाजूंनी चिकटून हवी. हात पुढे केल्यावर तिथे फट पडली तर सांगा. हा दोष नंतर काढणं फार कठीण जातं. मग खांदा. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपावी. भिंतीला बाजूने टेकून उभे राहा. दंडाआधी पॅड भिंतीला लागलं तर खांदा मोठा. नेपल्सच्या शिंप्यांचा खांदा जवळजवळ पॅडशिवाय असतो, बाही शर्टासारखी बसवलेली. लंडनचा लष्करी वळणाचा खांदा जास्त बांधीव असतो. उतरत्या खांद्याच्या माणसाला थोडं पॅड शोभतं, रुंद खांद्याच्या माणसाने ते काढायला सांगावं.

मग मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेतला घेर. आपल्याकडचे बरेच शिंपी आरामासाठी मुंढा खोल कापतात आणि नेमका तोच त्रास देतो. खोल मुंढ्याच्या कोटात लोकलचा हँडल धरायला हात वर केला की सगळा कोट वर चढतो. उंच, काखेजवळ कापलेल्या मुंढ्यात हात हलतो, कोट जागेवर राहतो. हे आधीच सांगा, कारण मुंढा नंतर खोल करता येतो, वर आणता येत नाही. कोटाची उंचीही अशीच, एकदा कापली की गेली. मानेच्या हाडापासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या साधारण निम्मी असली की बेताची दिसते, सध्याची आखूड कोटाची लाट काहीही म्हणो.

बटण लावा. कंबरेला इंग्रजी एक्ससारख्या जोरकस चुण्या पडल्या तर घट्ट. पाठीमागे कॉलरखाली आडवी वळी आली तर मास्टरला दाखवा, खांद्याचा उतार तुमच्या अंगाशी जुळत नाहीये. तुम्ही फक्त दाखवा, “इथे ओढतंय, इथे झोळ येतोय”. दोन सेंटिमीटर कमी करा असं सांगू नका. झोळ दिसतो एकीकडे आणि त्याचं कारण असतं दुसरीकडे, ते शोधणं त्याचं काम. मग बसा, हात मिळवा, फोन कानाला लावा. पँटचे खिसे उभ्या स्थितीत तोंड उघडत असतील तर सीट घट्ट आहे. बाहीखालून शर्टचा कफ साधारण एक सेंटिमीटर दिसावा.

आतल्या बाजूला शिवणीत दाब, म्हणजे जादा कापड, भरपूर ठेवायला सांगा, पाठीच्या मधल्या शिवणीत, कुशीत आणि पँटच्या सीटमध्ये. लग्नानंतर वजन वाढतंच, तेव्हा हेच कापड कामाला येतं. खिशांची आणि बटणांची हौस मास्टर स्वतःहून विचारेल, पहिल्या वेळी दोन बटणं, मागे दोन चिरा, बाकी साधं.

आणि तारीख. मास्टरला किमान सहा आठवडे द्या, लग्नसराईत जास्त. दोन ट्रायलसाठी तेवढे लागतातच. घाईच्या कोटात आधी कमी होतो तो हातशिलाईचा वेळ.

टिकवायचं कसं

आपल्या हवेत बुरशी आणि कसर हे दोन शत्रू. बूट लागोपाठ दोन दिवस घालू नका, घामाने भिजलेलं कातडं सुकायला एक दिवस लागतो. काढल्यावर आत देवदाराचे साचे घाला, नाही मिळाले तर साधा वर्तमानपत्राचा बोळा. पावसात भिजले तर आडवे ठेवून पंख्याच्या वाऱ्यात सुकवा, उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलं तर कातडं तडकतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कातड्याचा सोल घालू नका. त्या चार महिन्यांसाठी रबरी सोलचा जोड वेगळा, नाहीतर चांभाराकडून पुढे रबराचा हाफ सोल बसवून घ्या. पॉलिश करताना आधी ब्रशने धूळ, मग क्रीम, ती मुरू द्या आणि सगळ्यात शेवटी मेणाचं पॉलिश, अगदी थोडं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बूट कधीच ठेवू नका. टाच झिजून कातड्याचा थर दिसण्याआधी बदला, काम थोडक्यात होतं.

कोट रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती पिशवीत. प्रत्येक वापरानंतर ब्रश मारा. ड्रायक्लीनिंग वर्षातून एकदा-दोनदा पुरे, ते जितकं कमी तितकं कापड जगतं. चुरगळला असेल तर आंघोळ झाल्यावर बाथरूममध्ये वाफेत टांगा. कपाटात ठेवण्याआधी घामाचा आणि जेवणाचा डाग निघालाच पाहिजे, कसर आधी तिथेच लागते. डांबराच्या गोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका.

सूट घरी आला की मास्टरला तुमचा कागदी नमुना नाव घालून जपून ठेवायला सांगा. महिनाभर वापरा, जिथे खटकतं ते लिहून ठेवा आणि कोट घेऊन एकदा परत जा. चांगला मास्टर त्या खुणा नमुन्यावरच करतो आणि पुढचा सूट त्याच कागदावरून कापतो.